ट्रॉय सापडलं, म्हणून इलियड खरं ठरलं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुर्कस्तानात हिसारलिकला ट्रॉय सापडून दीडशे वर्षं झाली, तुर्कस्तानात तेव्हा राज्य करणाऱ्या हिटाइट लोकांच्या पत्रात त्या गावाचं नाव मिळालं, तरी विद्वान मंडळी होमरच्या इलियड या काव्याला इतिहास म्हणायला का कचरतात, हा नुसता शंकेखोरपणा नाही का. मी प्राचीन ग्रीस शिकवते, आणि त्याआधी बरीच वर्षं उत्खननातली खापरं धुण्यात, त्यांच्यावर नंबर टाकण्यात आणि कोणतं खापर कुठल्या थरातलं यावर भांडण्यात गेलीयेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे हातचं राखलं असं वाटायला नको. गाव खरं आहे. त्या गावावरून भांडणं झाली हेही खरं. काव्यातल्या काही वस्तू तर चकित व्हावं इतक्या खऱ्या आहेत. पण सगळे ग्रीक राजे एकत्र आले, हजारावर जहाजं घेऊन गेले, दहा वर्षं वेढा घालून बसले आणि शेवटी गाव जाळलं, ही जी एक घटना आपण ट्रॉयचं युद्ध म्हणून ओळखतो, तिच्यासाठी आजही काव्याबाहेरचा एकही पुरावा नाही. आणि तो नाही याचं कारण माझ्या मते नशीब नाही, या प्रकारच्या काव्याचा स्वभावच तसा आहे. तोंडी चालत आलेलं महाकाव्य वस्तू सांभाळतं, नावं सांभाळतं, घटना मात्र सांभाळत नाही.

शंका घेणं ही आजकालची फॅशन आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये. खुद्द प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की जिला पळवून नेल्यावरून काव्यात युद्ध होतं ती हेलन ट्रॉयला कधी पोचलीच नव्हती, ती इजिप्तमध्येच होती, असं त्याला मेम्फिसच्या पुजाऱ्यांनी सांगितलं, आणि त्यावर तो स्वतःचं लॉजिकही लावतो की ती ट्रॉयमध्ये असती तर तिथला राजा प्रायमने परत दिली असती, पोरं मरतायत, गाव उद्ध्वस्त होतंय आणि म्हातारा एका सुनेपायी अडून बसलाय असं होईल का! त्याच्यानंतरचा इतिहासकार थुसिडिडीस तर आणखी पुढचा. तो जहाजं मोजतो, मोठ्या जहाजावर १२० माणसं आणि लहानावर ५० असं काव्यातच आहे म्हणून मधला आकडा धरा म्हणतो, कवी आहे तेव्हा त्याने वाढवूनच सांगितलं असणार हेही सांगतो, आणि मग निष्कर्ष काढतो की अख्ख्या ग्रीसच्या मानाने हे सैन्य काही फार मोठं नव्हतं, पैसा नव्हता, रसद नव्हती, म्हणून अर्धे लोक शेती आणि लुटालूट करत बसले आणि म्हणून दहा वर्षं लागली.

वाचायला झकास आहे हे, आणि विद्यार्थ्यांना पण आवडतं कारण एकदम मॉडर्न वाटतं. पण इथेच घोडं पेंड खातं. थुसिडिडीसकडे होमर सोडून फारसा पुरावाच नव्हता, त्याने फक्त देव वगळले, आकडे कमी केले, हेतू पैशाचे आणि सत्तेचे लावले आणि जे उरलं त्याला इतिहास म्हटलं. गोष्ट शक्य कोटीतली आहे एवढ्यावरून ती घडली असं होत नाही ना. चांगला कादंबरीकार सगळं शक्य कोटीतलंच लिहितो. १८४६ मध्ये जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने नेमकं हेच बोट ठेवलं, की दंतकथेतून अशक्य भाग गाळला की खाली इतिहास उरतो ही समजूतच चुकीची आहे, स्वतंत्र साक्षीदार लागतो. त्याने ग्रीक इतिहासाची सुरुवात इ.स.पू. ७७६ च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून धरली आणि त्याआधीचं सगळं दंतकथेच्या खात्यात टाकलं. आज त्याचा तो कडकपणा आपण जसाच्या तसा पाळत नाही, पण कसोटी तीच आहे आणि अजून तिच्याहून चांगली कुणी दिलेली नाही.

मग हाइन्रिख श्लीमान हा हौशी जर्मन उत्खनक आला आणि लोकांना वाटलं ग्रोट आपटला. ही गोष्ट सगळ्यांना माहितीये म्हणून पटकन उरकते. तुर्कस्तानात चनाक्कालेजवळ हिसारलिक नावाचं टेकाड आहे, आपल्याकडे पांढरीचं टेकाड म्हणतात ना तसं, गावावर गाव बसत गेलेलं. त्याचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्ट नावाच्या माणसाच्या मालकीचा होता, इथेच ट्रॉय आहे हे त्याने आधीच ताडलं होतं आणि त्यानेच श्लीमानला पटवलं, पण नाव झालं श्लीमानचं. श्लीमानने १८७० च्या दशकात टेकाडाच्या मधोमध भलामोठा चर मारला, वरचे थर उडवले, आणि १८७३ मध्ये सोनं सापडल्यावर प्रायमचा खजिना म्हणून जाहीर केलं. बायकोने शालीत गुंडाळून तो लपवून आणला असंही लिहिलं, बाई तेव्हा अथेन्सला होती. तो खजिना निघाला ट्रॉयच्या खालून दुसऱ्या थरातला, म्हणजे ज्या काळात युद्ध झालं असं मानतात त्याच्याही हजारेक वर्षं आधीचा. १८७६ मध्ये ग्रीसमधल्या मायसिनीला मिळालेला तो सुप्रसिद्ध सोन्याचा मुखवटा, ज्याला आजही काव्यातला ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन याचा मुखवटा म्हणतात, तोही असाच काही शतकं अगोदरचा. (बर्लिनला गेलेला तो खजिना १९४५ मध्ये रशियन सैन्याने उचलला, कित्येक वर्षं आमच्याकडे नाही म्हणाले आणि १९९६ मध्ये मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये सरळ प्रदर्शनच मांडलं. या विषयात प्रामाणिक माणसं शोधायला गेलात तर थोडं अवघडच आहे.)

आता खरा मुद्दा थरांचा. काळ जुळतो असे थर दोनच, सहावा आणि त्याच्या डोक्यावरचा सातवा-अ. सहावं ट्रॉय देखणं होतं, उतरत्या भिंतींची तटबंदी, मोठी घरं, श्लीमाननंतर आलेल्या ड्योर्पफेल्डला वाटलं हेच होमरचं. पण ते इ.स.पू. १३०० च्या आसपास कोसळलं आणि भिंती जशा सरकल्यात त्यावरून भूकंप असावा असं कार्ल ब्लेगनने १९३० च्या दशकातल्या खोदाईनंतर मांडलं. त्याचं मत सातव्या-अ ला. तिथे तटबंदीच्या आत दाटीवाटीने छोटी छोटी घरं घातलीयेत, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले साठवणीचे रांजण आहेत, आणि शेवटी जळालेला थर, त्यात माणसांची हाडं, बाणाचं टोक. वेढ्यात अडकलेलं गाव असं चित्र डोळ्यापुढे उभं राहतं हे मान्य, मलाही राहतं. साल इ.स.पू. ११८० च्या आगेमागे, आणि इराटोस्थेनीस या ग्रीक पंडिताने प्राचीन काळी काढलेलं साल ११८४, म्हणजे किती जुळतंय बघा असं लोक म्हणतात. इराटोस्थेनीसने ते साल राजांच्या वंशावळी मोजत मागे जाऊन काढलेलं होतं, त्यामुळे ते जुळणं हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.

पण मोठी अडचण वेगळीच आहे. जो काळ ट्रॉय जळण्याचा, तोच काळ ग्रीसमधले राजवाडे जळण्याचा! पायलॉसचा राजवाडा त्याच सुमाराला खाक झाला, मायसिनी, टिरिन्स सगळीकडे मोडतोड, तिकडे हिटाइटांची राजधानी हत्तुशा ओस पडली, सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित संपलं. पायलॉसच्या शेवटच्या दिवसांतल्या मातीच्या पाट्यांवर किनाऱ्यावर पहारा कोण कुठे देतोय याच्या याद्या आहेत. ज्यांच्या स्वतःच्या घराला आग लागायची वेळ आली होती ते राजे हजार जहाजं घेऊन समुद्रापलीकडे दहा वर्षं जाऊन बसले, हे पटवायला फार मेहनत घ्यावी लागते. सातवा-अ कुणीतरी जाळला असेल, नक्कीच, पण त्या गोंधळाच्या काळात जाळणारे पुष्कळ होते. खापरांवर आणि राखेवर हल्लेखोराचं नाव लिहिलेलं नसतं.

आता हिटाइट पत्रं, कारण आशावादी मंडळींचा सगळ्यात दमदार पुरावा हाच आहे आणि त्याला उडवून लावणं चुकीचं होईल. १९०६ पासून हत्तुशाला हजारो मातीच्या पाट्या निघाल्या. त्यात अह्हियावा नावाचं एक राज्य येतं, समुद्राच्या पलीकडचं, त्याच्या राजाला हिटाइट सम्राट एका ठिकाणी भाऊ म्हणून संबोधतो, म्हणजे बरोबरीचा मानतो. होमर ग्रीकांना अखियन म्हणतो, तेव्हा हे तेच असं एमिल फोररने १९२४ मध्ये मांडलं, पुढे यावर इतकं वाजलं की काही विचारू नका. आणि विलुसा नावाचं एक छोटं राज्य येतं, जे ट्रॉयचं दुसरं नाव इलिऑस, त्याच्या जुन्या उच्चाराशी जुळतं. बरीच वर्षं लोक म्हणायचे की नकाशावर विलुसा कुठे हेच ठरत नाही तर कसला पुरावा, पण १९९८ मध्ये डेव्हिड हॉकिन्सने इझ्मीरजवळच्या काराबेल खिंडीतला शिलालेख वाचून मीरा नावाच्या राज्याची जागा पक्की केली, मग शेजारची राज्यं आपोआप सरकत सरकत जागेवर बसली आणि विलुसाला वायव्येचा तो ट्रॉयचा कोपराच उरला. आज बहुतेक लोक हे मानतात, मीही मानते.

मग त्या पत्रांत आहे काय? इ.स.पू. १२८० च्या सुमाराचा एक तह आहे, हिटाइट राजा मुवातल्ली आणि विलुसाचा राजा अलक्सांदू यांच्यातला. अलक्सांदू म्हणजे अलेक्झांड्रॉस, आणि इलियडमध्ये हेलनला पळवणारा ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस, त्याचं दुसरं नाव अलेक्झांड्रॉसच आहे! ऐकल्यावर अंगावर काटा येतो खरा, पण जरा थांबून बघा. हा अलक्सांदू राजा आहे, राजपुत्र नाही, हिटाइटांचा मांडलिक आहे, कुणाची बायको पळवल्याचा उल्लेख नाही, ग्रीकांशी युद्धाचा नाही, आणि तहात ज्यांचं पानोपानी नाव आहे ते हिटाइट साम्राज्य होमरच्या काव्यात जवळपास गायबच आहे. म्हणजे नाव टिकलं, बाकी सगळं वाहून गेलं. दुसरं पत्र साधारण १२५० चं, बहुतेक हत्तुसिली तिसरा याचं, अह्हियावाच्या राजाला लिहिलेलं. त्यात जाता जाता एक वाक्य आहे, की विलुसाच्या प्रकरणावरून आपलं वैर होतं, आता ते मिटलंय. झालं, एवढंच. आणि तिथे जे क्रियापद वापरलंय ते उघड लढाईला चालतं, चकमकीला चालतं आणि दोन दरबारांमधल्या खरमरीत पत्रापत्रीलाही चालतं. यावरून कुणी इलियड सिद्ध झालं म्हणत असेल तर ते सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. ग्रीक आणि हिटाइट यांच्यात या किनारपट्टीवर पिढ्यानपिढ्या कुरबुरी चालू होत्या, ट्रॉय त्यातलं एक कारण होतं, इतपत मी ठामपणे म्हणेन, पण एकच एक महायुद्ध नाही.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते, रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. इलियडच्या दहाव्या सर्गात ओडिसियस हा ग्रीक वीर रात्री शत्रूच्या छावणीत हेरगिरीला निघतो, तेव्हा मेरिओनीस त्याला एक टोप देतो. कवी तो टोप असा सांगतो की समोर बसून एखाद्याने बनवावा: आतून चामड्याच्या वाद्या घट्ट विणलेल्या, मध्ये नमद्याचा थर, बाहेरून रानडुकराचे पांढरे सुळे दाट बसवलेले, एक ओळ या बाजूला तर दुसरी त्या बाजूला वळलेली. पुढे त्याची वंशावळही, हा टोप ऑटोलिकसने एका घराची भिंत फोडून चोरला, मग अमुकला दिला, त्याने पाहुणचारात तमुकला दिला, असं करत करत मेरिओनीसकडे आला. होमरच्या काळात, म्हणजे इ.स.पू. ७०० च्या आगेमागे, असा टोप कुणी घालत नव्हतं, शेकडो वर्षांपूर्वीच तो वापरातून गेला होता. आणि उत्खननात? मायसिनीच्या थडग्यांत भोकं पाडलेले सुळ्यांचे काप मिळाले, हस्तिदंताची छोटी डोकी मिळाली ज्यांच्यावर असाच टोप कोरलाय, १९६० मध्ये डेंड्राला एका योद्ध्याचं अख्खं कांस्य चिलखत मिळालं त्याच्यासोबतही असा टोप होता. सुळ्याच्या कापांच्या ओळी एकाआड एक उलट्या दिशेने वळवलेल्या, अगदी काव्यात म्हटल्याप्रमाणे. एका टोपाला तीस-चाळीस रानडुकरं लागत असतील असा अंदाज करतात, म्हणजे ती खानदानी वस्तूच असणार आणि तिचा इतिहास लोक सांगत असणार.

पण गंमत पुढेच आहे. हा दहावा सर्ग इलियडमध्ये मागाहून घुसडलाय असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे, प्राचीन टीकाकारांनाही तो संशय होता. म्हणजे काव्याचा सगळ्यात उशिराचा समजला जाणारा तुकडा आणि त्यात सगळ्यात जुनी वस्तू! यावरून कळतं की वर्णन जुनं आहे म्हणून प्रसंग जुना असं अजिबात नसतं. वृत्तात बसलेलं एक सुंदर वर्णन गवयांच्या पोतडीत पडून होतं, ज्याला हवं त्याने हव्या त्या प्रसंगात काढून लावलं.

बाकीच्या वस्तू बघितल्या तर खिचडी आहे सगळी. रथ घ्या. कांस्ययुगात हिटाइट आणि इजिप्शियन सैन्यं रथांचे ताफेच्या ताफे अंगावर घालायची, होमरचे वीर मात्र रथाचा वापर रिक्षासारखा करतात, रणांगणावर उतरायचं, पायी लढायचं, दमलं की परत बसायचं. कवीला रथ होते हे माहिती, त्यांचं करायचं काय ते विसरलेलं. अंत्यसंस्कार घ्या. मायसिनीच्या काळात प्रामुख्याने दफन होतं, होमरचे वीर सगळे चितेवर जातात. मित्र पॅट्रोक्लसच्या चितेवर ग्रीक वीर अकिलीज चार घोडे टाकतो, ट्रॉयचा वीर हेक्टर याची हाडं जांभळ्या वस्त्रात गुंडाळतात. आणि १९८१ मध्ये युबिया बेटावर लेफकांडीला काय सापडलं बघा, सुमारे पन्नास मीटर लांबीची एक इमारत, आत एका पुरुषाची रक्षा कापडात गुंडाळून कांस्याच्या हंड्यात ठेवलेली, शेजारी लोखंडी तलवार, सोन्याने मढवलेली एक बाई पुरलेली आणि दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे. काळ इ.स.पू. ९५० चा आसपास! ट्रॉयच्या मानलेल्या तारखेनंतर दोनशेहून जास्त वर्षं. म्हणजे इलियडमधली ती भव्य अंत्ययात्रा कांस्ययुगातली नाही, मधल्या ज्याला आपण अंधारयुग म्हणतो त्या काळातली आहे.

आणि राज्यकारभार तर पारच वेगळा. मायकल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये लिनिअर बी, म्हणजे त्या काळच्या ग्रीक राजवाड्यांतल्या पाट्यांची लिपी, वाचली तेव्हा सगळ्यांना वाटलं आता अ‍ॅगमेम्नॉनचं पत्र निघणार, निघाली कारकुनी. इतक्या मेंढ्या, इतकी लोकर, अमुक बायकांना इतका शिधा, रथाची चाकं, त्यातली इतकी मोडकी. अकिलीज आणि हेक्टर ही नावंसुद्धा त्या पाट्यांवर आहेत, पण साध्यासुध्या माणसांची, वीरांची नाहीत. होमरच्या राजवाड्यात एकही कारकून नाही. तिथला राजा स्वतःचा पलंग स्वतः बनवतो, राजाचा बाप मळ्यात खणत असतो, श्रीमंती डुकरं मोजून सांगतात. १९५४ मध्ये इतिहासकार मोझेस फिनलीने याच मुद्द्यावर सगळं उलटवलं, की होमरचा समाज मायसिनीचा नाहीच, त्यानंतरचा आहे, आणि पुढे तर ट्रॉयच्या युद्धाला कांस्ययुगाच्या इतिहासातून बाहेर काढा इथपर्यंत तो गेला. मला तो थोडा जास्तच कडक वाटतो, पण त्याला उत्तर द्यायचं तर पाट्यांनी द्यावं लागतं, भावनेने नाही.

हे असं का होतं हे कळायला मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक वाचावा लागतो. त्याने दाखवलं की वेगवान पायांचा अकिलीज, गुलाबी बोटांची उषा हे जे सारखं येतं ते तोंडी रचणाऱ्या गवयाचं सामान आहे, वृत्तात नेमकं बसणारे तयार तुकडे. मग १९३३ ते ३५ मध्ये तो आणि त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड युगोस्लाव्हियात जाऊन जिवंत गवई रेकॉर्ड करून आले. त्यातला अव्दो मेजेदोविच हा निरक्षर माणूस, बारा हजारांहून जास्त ओळींचं एक गाणं त्याने सांगितलं, म्हणजे लांबीला होमरच्या दुसऱ्या काव्याएवढं, ओडिसीएवढं. पॅरीने त्याच्यावर एक प्रयोग केला. दुसऱ्या गवयाला असं एक गाणं म्हणायला लावलं जे अव्दोने पूर्वी ऐकलेलं नव्हतं, सुमारे २,३०० ओळींचं. संपल्यावर अव्दोला विचारलं, जमेल का? अव्दोने तिथल्या तिथे तेच गाणं म्हटलं आणि ते झालं ६,३०० ओळींच्या वर. कपडे, घोडे, शस्त्रं, भाषणं, मनातले विचार, सगळं भरून. हे गवई शपथेवर सांगायचे की आम्ही ऐकलं तसंच शब्दाला शब्द म्हणतो, आणि खोटं बोलत नव्हते, त्यांच्या मते ते तसंच होतं. आता एका बैठकीत हे होत असेल तर चारपाचशे वर्षांत काय होईल याचा हिशोब तुम्हीच करा. तयार तुकडे टिकतात कारण ते वृत्तात घट्ट बसलेत, त्यामुळे त्यांच्यातल्या वस्तू आणि नावं पण टिकतात. कथानक मात्र दर वेळी नव्याने उभं राहतं.

ज्या महाकाव्यांच्या मागची घटना आपल्याला कागदपत्रांतून माहिती आहे तिथे तपासून बघता येतं, म्हणून ती उदाहरणं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. ७७८ मध्ये शार्लमेनच्या सैन्याच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वतात बास्क लोकांनी हल्ला केला. तीनशे वर्षांनी रोलांच्या गाण्यात, म्हणजे त्या लढाईवरच्या फ्रेंच महाकाव्यात, ते बास्क उडाले आणि त्यांच्या जागी लाखोंची मुस्लिम फौज आली. खिंड खरी, रोलां खरा असावा, शत्रूच बदलला! जर्मन निबेलुंग काव्यात अटिला आणि थिओडोरिक एकाच दरबारात बसतात, प्रत्यक्षात अटिला ४५३ मध्ये मेला तेव्हा थिओडोरिकचा जन्मही झाला नव्हता. आणि लांब कशाला जायचं, सिंहगडाच्या पोवाड्यातली घोरपड बघा, १६७० मध्ये गड घेतला, तानाजी पडला, याला आपल्याकडे पक्का आधार आहे, पण घोरपडीवर बहुतेक इतिहासकार विश्वास ठेवत नाहीत. आता कल्पना करा की बाकी सगळी कागदपत्रं नष्ट झाली आणि फक्त पोवाडाच उरला, तर कोणता भाग ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे कुणाला सांगता येईल? होमरच्या बाबतीत आपण त्या अवस्थेत आहोत.

दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी, हा पण नेहमी पुढे केला जाणारा पुरावा. २९ तुकड्या, १,१८६ जहाजं, पावणेदोनशेच्या आसपास गावांची नावं. त्यातली काही गावं होमरच्या काळात ओसाड होती आणि कांस्ययुगात नांदती, तेव्हा यादीत जुना गाभा आहे हे मला पटतं. पण ही यादी सैन्याची खरी हजेरी म्हणून वाचू नका. एक छोटं उदाहरण देते. सॅलमिसचा एजॅक्स बारा जहाजं घेऊन आला आणि त्याने ती अथेन्सवाल्यांच्या शेजारी उभी केली, अशा दोन ओळी आहेत. इ.स.पू. सहाव्या शतकात सॅलमिस बेट कुणाचं यावरून अथेन्स आणि मेगारा यांचा वाद पेटला होता आणि अथेन्सने पुरावा म्हणून याच ओळी पुढे केल्या. प्राचीन लोकच सांगतात की ती ओळ अथेन्सच्या सोलोनने, किंवा काहींच्या मते तिथल्याच पायसिस्ट्राटसने, घुसडली. मेगाराने पण मग आपली आवृत्ती काढली, एजॅक्स आमच्या गावांची जहाजं घेऊन गेला म्हणून! जमिनीच्या केसमध्ये सातबारा फिरवावा तसा प्रकार.

ओडिसीबद्दल, म्हणजे ओडिसियसच्या घरी परतण्याच्या भटकंतीबद्दल, वेगळं विचारलं नाहीये पण ते ओघाने येतंच. सायक्लॉप्सची गुहा कुठे, सर्सीचं बेट कोणतं, त्याचं घर असलेलं इथाका बेट आजचंच की केफालोनियाचा एक भाग, यावर दर काही वर्षांनी नवीन नकाशा निघतो. इराटोस्थेनीसने याचा निकाल बावीसशे वर्षांपूर्वीच लावलाय: वाऱ्यांची पिशवी ज्याने शिवली तो चांभार आधी शोधून काढा, मग ओडिसियस कुठे कुठे भटकला ते सापडेल. यावर मला भर घालायची नाही.

आणि हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात खरं तर महाभारत असतं हेही मला माहितीये. बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूरला खोदलं, गाव मिळालं, राखाडी चित्रित खापरं मिळाली, पुराच्या खुणा मिळाल्या. कसोटी तीच लावायची, जागा सापडणं एक आणि तिथे घडलेला प्रसंग सापडणं दुसरं. एकीकडे होमरला काल्पनिक म्हणून मोकळं व्हायचं आणि दुसरीकडे आपल्या ग्रंथाला वेगळा नियम लावायचा, किंवा याच्या बरोबर उलट, असं दोन्ही बाजूंचे लोक करताना मी बघितलेत.

शेवटी, कशाने माझं मत बदलेल? सोपं आहे, लिखाणाने. हिसारलिकला इतक्या वर्षांच्या खोदाईत कांस्ययुगातलं लिखाण म्हणून मिळालं काय तर १९९५ मध्ये कांस्याचा एक छोटासा शिक्का, लुवियन या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेच्या चित्रलिपीतला, एका बाजूला लेखनिकाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला एका बाईचं, तोही सातव्या-अ च्या वरच्या थरातला. पण लेखनिक होता म्हणजे तो काहीतरी लिहीत होता. मानफ्रेड कोर्फमानच्या टीमने १९८८ पासून बालेकिल्ल्याखाली मोठं गाव होतं असं मांडलं. त्यावर २००१ मध्ये त्याच्याच विद्यापीठातल्या फ्रँक कोल्बने जाहीर भांडण काढलं की हे अव्वाच्या सव्वा फुगवलंय, जर्मनीतले पेपर तेव्हा याने भरलेले असायचे. कोर्फमान थोडासा बरोबर निघाला असेल तरी त्या खालच्या गावाचा फार थोडाच भाग आजवर खोदलाय. तिथे पाट्यांची एक खोली निघाली, किंवा हत्तुशाच्या पाट्यांत अह्हियावाच्या सैन्याने विलुसा घेतलं असं एक सरळ वाक्य मिळालं, तर मी माझ्या नोट्स बदलेन. तोवर पेपरात ट्रॉयचं युद्ध सिद्ध झाल्याची बातमी आली की आधी बघा थर कोणता, मग साल बघा, आणि मग त्या वस्तूवर काही लिहिलंय का ते.